भिंतीपलीकडचे दोन ठोके

खंडव्याला जाणारी छोटी गाडी इंदूरच्या फलाटावर लागली होती आणि आई मला लोखंडी खलबत्ता देत होती. जुन्या लुगड्यात बांधून परदेशीपुऱ्यातल्या आमच्या चाळीपासून तिने तो कडेवर मूल आणावं तसा आणला होता. मी म्हटलं, आई, खंडव्याला गाडी बदलायची, मग मुंबई, मग बोट, हे ओझं मी कुठे कुठे वाहू? तिने तो परत कडेवर घेतला. तिचा तो परत घेणारा हात मला आजही दिसतो.

कुसुम, म्हणजे माझी बायको, तीन महिन्यांच्या विजूला खांद्यावर टाकून जरा मागे उभी होती. पाच वर्षांची सुमन तिच्या पदराला धरून. चारचौघांत नवऱ्याशी बोलायची तेव्हा पद्धत नव्हती. पण गार्डाने हिरवी झेंडी काढली तशी ती खिडकीशी आली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "घर बघाल ते हाकेला ओ मिळेल असं बघा. बाकीचं मी निभावून घेईन."

मी हो म्हणालो. गाडी सुटताना माणूस कशालाही हो म्हणतो.

हे आज लिहायला बसलो त्याचं कारण माझा भाचा अजय. ताईचा मुलगा. इंदूरला अन्नपूर्णेच्या देवळाच्या बाजूला राहतो, कंप्युटरचं काम करतो. आता बायको आणि लहान मुलीला घेऊन कॅनडाला निघालाय. परवा फोनवर म्हणाला, "मामा, तीन एरिये काढलेत. एक ऑफिसजवळ, एक शाळेजवळ, एक आपल्या लोकांमध्ये. कुछ समझ नहीं आ रहा यार. तुम्ही इतकी वर्षं काढली तिकडे, तुम्हीच सांगा." मामाला यार म्हणून गेला, मग लगेच सॉरी म्हणाला. मी म्हटलं राहू दे, इंदूरचा आहेस तेवढं तरी कळलं.

फोनवर मला काही सांगता आलं नाही. सातवीतून शाळा सुटलेला माणूस मी. बोलायला गेलो की घाबरतो, लिहिताना निदान खोडता येतं. तेव्हा अजय, हे तुझ्यासाठी. आणि जे तिकडे इंदूरला राहिले त्यांच्यासाठी, आणि माझ्यासारखे जे निघून आले त्यांच्यासाठीही.

वडील मिलमध्ये टाइमकीपर होते. ते गेले आणि त्यांच्या ओळखीवर मला रिंग खात्यात लावलं. रिंग खातं म्हणजे सूत कातायचं खातं. शेकडो चात्या गरगर फिरत असतात, धागा तुटला की चालत्या यंत्रावर बोटांनी जोडायचा. मला ते जमलं. शाळेत जे काही जमलं नाही, ते सगळं जणू बोटांत उतरलं होतं.

आम्ही मिलवाले घर कसं निवडायचो ते आधी सांगतो, कारण सगळा घोटाळा तिथूनच झाला. भोंगा नीट ऐकू येईल ती खोली चांगली. घड्याळ चाळीत एखाद्याकडेच. दुसरा भोंगा झाला की गेट बंद, आणि गेट बंद झालं की तुमच्या जागी बदलीवाला उभा. मला स्वप्नातसुद्धा बंद गेट दिसायचं.

दुसरी गोष्ट भिंतीची. चाळीत दोन बिऱ्हाडांत एक भिंत, आणि मिलच्या तीन पाळ्या. कोणी ना कोणी भरदिवसा झोपलेलं असायचंच. पोरांनी दंगा केला, एखादी मसाला कुटायला बसली, की पलीकडून भिंतीवर थाप पडायची. मतलब, रातपाळीचा माणूस झोपलाय, जरा गप बसा. त्यात भांडण नसायचं, पण थापेचा मान ठेवायचाच. आई लगेच खल उचलून बाहेर पायरीवर जायची. आम्हा पोरांना पाढ्यांच्या आधी हे शिकवलेलं होतं.

मध्यप्रदेश तेव्हा नवा नवा होता. राजधानी भोपाळला गेलेली, इंदूरचे मराठी कारकून बदलीच्या धास्तीत, आणि आम्ही मिलवाले नवीन यंत्रं येऊन माणसं कमी होणार या धास्तीत. आमच्या खात्यात एक गुजराती मास्तर होते. त्यांचे मेहुणे मगनभाई विलायतेत बोल्टन नावाच्या गावी मिलमध्ये लागले होते, आणि तिकडे रिंग खात्याला माणसं हवी होती. मास्तरांनी एक पत्र लिहिलं. त्या एका पत्रावर माझ्या घरादाराचं पुढचं सगळं उभं आहे. त्यांचे आभार मी फलाटावर घाईत मानले, नंतर नीट मानायचे राहिले ते राहिलेच.

बोल्टनला पहिलं दीड वर्ष मगनभाईंच्या घरी काढलं. गावात जिकडे बघावं तिकडे धुराडी. मला उतरल्या उतरल्या परदेशीपुराच वाटला, फक्त वरचं ऊन काढून घेतलेला. मग कुसुमचे आणि पोरांचे कागद झाले आणि घर बघायची वेळ आली.

दोन घरं भाड्याने मिळत होती. एक मगनभाईंच्याच गल्लीत, तीन दारं सोडून. तिथे चार-पाच गुजराती बिऱ्हाडं होती, बायका मागच्या अंगणातून एकमेकींकडे वाट्या पोचवायच्या. पण तिथून मिल लांब, मध्ये बस बदलायची. दुसरं घर मिलजवळ. लांबच लांब लाइन, सगळी घरं एकमेकांना चिकटलेली, एकसारखी, आणि राहणारे सगळे गोरे. मी सुटीच्या दिवशी घड्याळ हातात घेऊन चालून बघितलं. गेट चार मिनिटांवर. त्या दारात उभं राहिलं की भोंगा छातीत वाजायचा. मी तिथेच ठरवून टाकलं.

मगनभाईंना ते पटलं नाही. म्हणाले, "भाई, मिल तुमको चाहिए. भाभी को तो पडोस चाहिए."

मी म्हटलं, पडोस होऊन जाईल, नोकरी गेली तर काय करू? खरं सांगतो, त्या क्षणी कुसुमचं गाडीच्या खिडकीतलं बोलणं मला आठवलं होतं. आठवलं आणि मी ते बाजूला ठेवलं. तिला पत्रात लिहिलं, घर चांगलं आहे, शेजार अगदी लागून आहे. खोटं नव्हतं. भिंत एकच होती.

थंडी सुरू होताना ती आली. ट्रंकेच्या तळाशी लुगड्यात बांधलेला तोच खलबत्ता. मी नको म्हटलेला आईने सुनेला दिला, आणि सुनेने विचारलंसुद्धा नाही की कुठे कुठे वाहू.

त्या घरात ऊब एकाच जागी. पुढच्या खोलीत भिंतीत बांधलेली कोळशाची शेगडी. तिच्यासमोर फरशीवर बसून तिसऱ्या दिवशी सकाळी कुसुमने धने-मिरच्या कुटायला घेतल्या. चार घाव पडले असतील नसतील, शेगडीच्या मागून, भिंतीच्या पलीकडून आवाज आला. ठक, ठक. दोनदा.

कुसुमचा हात वरच थांबला. आम्ही एकमेकांकडे बघितलं. बसचं तिकीट कसं मागायचं ते तिला कळत नव्हतं, दुकानातल्या पाट्या मला वाचता येत नव्हत्या, पण हे मात्र दोघांना सांगावं लागलं नाही.

"रातपाळीचं कोणी झोपलंय," ती कुजबुजली.

मी मागच्या अंगणातून हळूच डोकावलो. शेजारच्या मागच्या दाराशी पुरुषाचे जाडजूड बूट ठेवलेले होते, मिलमध्ये घालतात तसले. झालं, खात्रीच पटली.

दुसऱ्या दिवशी तिने माझा जुना कोट चार घड्या करून खलाखाली घातला. तरी ठक, ठक. तिसऱ्या दिवशी मागच्या अंगणात जाऊन बसली. पण तिथे बर्फ पडायला लागलं आणि बोटं गारठून बत्ता हातातून निसटला. मग तिने कुटणंच सोडलं. सुमन शाळेतून आली की बूट हातात घेऊन जिना चढायची. विजू चालायला लागला होता, त्याच्या पायांत माझे दोन-दोन मोजे. आणि तरीही रोज सकाळी दहाच्या सुमाराला ते दोन ठोके पडायचेच. आम्ही तिघं श्वास धरून बसायचो. आता आणखी किती गप बसायचं, कुसुम हातानेच मला विचारायची.

एक दिवस पलीकडची बाई स्वतः दाराशी आली. मी मिलमध्ये होतो, मला दुपारपाळी असायची. कुसुमने पडद्याआडून बघितलं. पांढरे केस, घट्ट मिटलेले ओठ, हातात काठी. भांडायला आली असं वाटून तिने दार उघडलं नाही. बाई बराच वेळ उभी राहिली आणि भिंतीला धरत धरत परत गेली. हे ऐकून मी आणखी घाबरलो. दोन दिवसांनी ती गल्लीत दिसली तशी टोपी काढून मी पाठ केलेलं वाक्य म्हटलं, "सॉरी मॅडम, नो नॉइज नाऊ." ती काहीतरी लांबलचक बोलली. पण पुस्तकातल्या इंग्रजीपुढे इथलं बोलणं म्हणजे आपल्याकडच्या पुस्तकी हिंदीपुढे खेड्यातली माळवी. मला फक्त तिचं शेवटी मान हलवणं समजलं. घरी येऊन सांगितलं, बाई फार नाराज आहेत.

कुसुम इंदूरजवळच्या सांवेरची. तिचे वडील तिकडे शाळामास्तर. त्यांच्या ओट्यासमोरून जाणारा गाडीवानसुद्धा राम राम घातल्याशिवाय पुढे जात नसे. अशा घरची मुलगी मी एका मुक्या घरात आणून बसवली होती. माझ्या यंत्रांच्या गोंगाटात मला तरी बरं वाटायचं. तिला काय होतं?

माघात एक दिवस भाजी चिरता चिरता ती म्हणाली, "चैत्र लागला की मला आणि पोरांना परत पाठवा. तुम्ही खुशाल राहा. मी इथे तोंड उघडते ते फक्त जेवायला."

रागाने म्हणाली नाही. ती पुढचा कांदा सोलत होती. मगनभाईंच्या गल्लीतलं घर केव्हाच कोणी घेतलं होतं. मी बोटीची चौकशी सुरू केली. विजू मला नुकता नुकता बाबा म्हणायला लागला होता. आल्यावर पहिला महिनाभर तो मला बघून रडायचा. आता हे सगळं पुन्हा पत्रांत जाणार होतं, आणि ते मी चार मिनिटांवरच्या एका गेटसाठी केलं होतं.

पुढचं कुसुमने सांगितलेलं. फाल्गुनातली दुपार. विजूला सकाळपासून ताप होता, मी कामावर गेल्यावर तो चढला आणि पोराला आकडी आली. डोळे फिरले, हातपाय ताठ. तिने दार उघडून गल्लीत हाक मारली, मराठीत मारली, हिंदीत मारली. कामाची वेळ, गल्ली रिकामी. तशी ती आत आली, बत्ता उचलला आणि शेगडीमागच्या भिंतीवर घाव घालायला लागली. ती मला नंतर म्हणाली, "मदत मागायला नव्हते हो ठोकत. संताप आला होता. म्हटलं चार महिने गप बसले, आता कोणाची झोप मोडायची ती मोडू दे."

चौथा-पाचवा घाव असेल, मागचं दार उघडून पलीकडची बाई आत आली. घरातल्या सपाता, अंगावर कोट नाही, काठीसुद्धा नाही. तिने विजूला कुशीवर वळवलं, कपडे सैल केले, कोमट पाण्याने अंग पुसायला लावलं. मग कुसुमच्या हातातून बत्ता घेतला आणि आमच्या दुसऱ्या बाजूच्या भिंतीवर तीन जोरदार घाव घातले. त्या घरची बाई धावत आली आणि तशीच कोपऱ्यावरच्या फोनकडे गेली, डॉक्टरसाठी. तिची मुलगी गेली मिलच्या गेटवर.

गेटवरून निरोप माझ्यापर्यंत पोचायलाच बराच वेळ गेला, मग मुकादमाने मला हात धरून बाहेर काढलं. चार मिनिटांचा रस्ता मी त्या दिवशी किती वेळात पळालो माहीत नाही. आत आलो तेव्हा डॉक्टर येऊन गेले होते. माझ्या खुर्चीवर ती बाई बसलेली, मांडीवर विजू झोपलेला. कुसुम तिच्या पायाशी फरशीवर. सगळी शेगडी भिंतीच्या पोपड्यांनी भरलेली.

सुमन तेवढ्यात शाळेतून आली. चार महिन्यांत पोरीने ते बोलणं उचललं होतं, आणि आमच्या ते ध्यानातसुद्धा आलं नव्हतं. होल्डनबाई, हे त्यांचं नाव आम्हाला त्या दिवशी कळलं, तिच्याशी हळूहळू बोलल्या. सुमन कुसुमकडे वळून म्हणाली, "आई, त्या विचारतायत, तू ठोकणं बंद का केलंस?"

मग एकेक उलगडत गेलं. त्या लाइनीत दोन घरांच्या शेगड्या पाठीला पाठ लावून असतात. एकटं माणूस कोळसे सारायची सळई घेऊन मागच्या भिंतीवर ठोकतं, पलीकडचं उलट ठोकतं. मी आहे, तू आहेस ना, काही हवंय का, एवढाच अर्थ. कुसुम शेगडीपाशी मसाला कुटत होती, होल्डनबाईंना वाटलं नवीन बाई हाक मारतेय. त्यांनी ओ दिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा दिली. मग हाक बंद झाली. आपलं काही चुकलं असेल म्हणून गुडघे दुखत असताना विचारायला आल्या, तर दार उघडलं नाही. तरी रोज दहा वाजता दोन ठोके देत राहिल्या. अख्खा हिवाळा. आणि भिंतीच्या अलीकडे आम्ही श्वास धरून बसत होतो. मी बुटांचं विचारलं. ते त्यांच्या नवऱ्याचे होते. नवरा जाऊन चार वर्षं झाली होती, घरात पुरुष आहे असं दिसावं म्हणून दाराशी ठेवलेले.

कुसुम आधी हसली, मग पदर तोंडाला लावला. सुमनला म्हणाली, "त्यांना सांग, आमच्याकडे भिंत वाजली की गप बसायचं असतं."

सुमनने सांगितलं. होल्डनबाईंनी उत्तर दिलं ते सुमनने जसंच्या तसं मराठीत केलं, "त्या म्हणतात, आमच्याकडे गप बसलं की माणूस मेलं असं समजतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी कुसुमने खल शेगडीपुढे घेतला. कोट घातला नाही खाली. दोन घाव घातले आणि थांबली. पलीकडून दोन ठोके आले.

चैत्र लागला. वरच्या खिडकीतून आम्ही गुढी बाहेर काढली. होल्डनबाईंनी सुमनला विचारलं, तुमच्याकडे तांब्या असा वाळवतात का? मी भीत भीत कुसुमकडे बोटीच्या तिकिटांचा विषय काढला. ती म्हणाली, "कोणाची तिकिटं?"

पुढे बरीच वर्षं गेली. ज्या मिलसाठी ते घर घेतलं ती बंद पडली, धुराडं पाडलं, भोंगा कुठे गेला कोणास ठाऊक. घर मात्र आम्ही सोडलं नाही, उलट विकतच घेतलं. शेवटी शेवटी होल्डनबाई फार थकल्या, तेव्हा आधी ठोकायची पाळी कुसुमची झाली. एका सकाळी ओ आली नाही. मागच्या दाराने आत जाणारी पहिली कुसुमच होती.

त्याच्या आधी माझी आई गेली होती. परदेशीपुऱ्यात, ताईच्या हातात. मला कळलं ते पत्राने, दिवस होऊन गेल्यावर. तिच्या शेवटच्या हाकेला ओ द्यायला ताई होती. मी नव्हतो. ताई, हे उपकार फिटायचे नाहीत, आणि हे मी तुला तोंडावर कधी म्हणालो नाही. घर म्हटलं की माझ्या तोंडात अजून परदेशीपुराच येतो. पण झोपेत भिंत वाजल्यासारखी वाटते तेव्हा ती कुठली भिंत, हे मला आता ओळखता येत नाही.

तर अजय, तुझ्या तीन एरियांतलं मला काही कळत नाही. मी निवडलं ते भीतीपोटी निवडलं आणि चुकीचंच निवडलं. ते बरोबर निघालं ते एका म्हातारीने चार महिने हट्ट सोडला नाही म्हणून. त्या हट्टावर भरवसा ठेवून तू घर घेऊ नकोस. सुनबाईला विचार, तिला काय हवंय. मला सांगितलं होतं तरी मी ऐकलं नाही. आणि कुठेही घेतलंस तरी सामान उघडायच्या आधी दोन्ही बाजूंची दारं वाजव. बोलता नाही आलं तरी चालेल. आम्ही दार न उघडणारे होतो, म्हणून सांगतोय.

आता पलीकडे नवीन कुटुंब आलंय. नवरा, बायको आणि एक तान्हं मूल. त्यांच्या देशाचं नाव मला धड घेता येत नाही. शेगड्या केव्हाच बुजवल्या, तिथे आता गॅसचा हीटर आहे. पण कुसुम मसाला कुटायला अजून तिथेच बसते, त्याच खलात. गेल्या आठवड्यात तिने चार घाव घातले असतील, आणि भिंतीच्या पलीकडून आवाज आला. ठक, ठक.

तिचा हात थांबला. आम्ही एकमेकांकडे बघितलं. मी म्हटलं, राहू दे आता, मूल झोपलं असेल त्यांचं.

ती गुडघ्यावर हात ठेवून उठत होती. पदराला हात पुसत म्हणाली, "झोपलं असेल तर माफी मागून येते. आणि हाक असली तर?"

दार उघडंच टाकून गेली. मी खलापाशी बसून कान देत राहिलो. बराच वेळ झाला, ती आली नाही. मग पलीकडून हसण्याचा आवाज आला, आणि मी उठून चहाचं आधण दोघांचं होतं ते चौघांचं केलं.